दोन किरणोत्सवांमधले ८० दिवस

स्टॉकहोम,
१५ फेब्रुवारी

तीर्थरूप आबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आई, टीव्हीसमोर मोबाईल धरून तू काढलेला अंबाबाईच्या किरणोत्सवाचा व्हिडिओ मिळाला. त्यात वरच्या पंख्याची सावली फिरते आणि मधेच तुझा आवाज येतो, "चढलं बघ, चढलं." देवीच्या पायांवरून मुखापर्यंत मावळतीचं ते ऊन सरकताना मी इथं खिडकीशी उभी राहून हात जोडले. साडेचार वाजून गेले होते आणि बाहेर अजून उजेड होता. दीड महिन्यापूर्वी ह्या वेळेला मिट्ट काळोख असायचा.

त्या उन्हावरूनच आज लिहायला बसले. दक्षिणेकडं जाताना सूर्य ९, १०, ११ नोव्हेंबरला जिथं मावळतो, तिथंच तो परत येताना ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतो. म्हणून अंबाबाईला किरणं वर्षातून दोनदा भेटतात. मधले दिवस मोजले तर बरोबर ८० भरतात. इथला सगळा काळोख त्याच ८० दिवसांत आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. कोल्हापुरात सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या दिवसात दोनच तासांचा फरक. इथं तो साडेबारा तासांचा आहे.

आबा, तुम्हाला एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलं तेव्हा जिन्यात घसरले असं सांगितलं होतं. ते खोटं होतं, माफ करा. १ जानेवारीला यादी केली होती: पहाटे पाचला उठून पळायचं, स्वीडिश भाषेची परीक्षा द्यायची, पैसे साठवायचे. दुसऱ्याच दिवशी अंधारात बर्फावर पाय सटकला. पळणं गेलं आणि त्याच्यामागं अख्खी यादी गेली. प्लास्टर घालून घरात बसले होते तेव्हा मला तुमची मूठ आठवत राहिली.

मी आठवी-नववीत असेन. मृगाचा पाऊस होऊन गेला होता. शेजारच्या रानात औतं निघाली होती आणि मी तुमच्या मागं लागले होते, आपण कधी? तुम्ही वाकून मूठभर माती उचललीत, आवळलीत आणि कमरेच्या उंचीवरून सोडलीत. ढेकूळ तसंच्या तसं पडलं. "वाफसा न्हाई. चल घरला." तिसऱ्या दिवशी वाफसा आला, तीच माती पडताक्षणी भुगा झाली आणि तुम्ही कुळव काढलात. ओलीत कुळव घातला की जी ढेकळं निघतात ती वर्षभर फुटत नाहीत, हे तुम्ही बांधावर बसून सांगितलं होतं. १ जानेवारी ही नुसती कॅलेंडरची तारीख. मी तेव्हा माती हातात न घेताच रानात शिरले होते.

तेव्हापासून ११ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी ह्या काळात मी नवीन काही सुरू करत नाही. चालू असलेलं सांभाळते, दिव्याजवळ बसून वाचते, लवकर झोपते. किरणोत्सव झाला की उठते. सध्या रोज पाचेक मिनिटांनी दिवस वाढतोय, त्या मापानं चालणं वाढवलंय. पळायला एप्रिलमध्येच लागणार. हिवाळ्यात घसरू नये म्हणून फूटपाथवर बारीक खडी टाकतात, ती वसंतात झाडून नेतात; खडी निघाली की माझा वाफसा आला असं धरते. जुलैसाठी मी काहीच ठरवत नाही. तेव्हा इथं बहुतेक सगळे सुट्टीवर असतात. आषाढात पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की आपल्या घरी तरी कोण नवं काम काढतं?

स्वीडिश मात्र मी आडसाली उसासारखी धरलीय. गेल्या ऑगस्टमध्ये क्लास लावला, म्हणजे तुमच्या लागणीच्याच हंगामात. त्या उसाला तोड यायला १६ ते १८ महिने लागतात आणि मधल्या ३१ डिसेंबरला त्याचा हिशेब कुणी मागत नाही. मीही मागितला नाही. परवा दुकानात एका आजींनी मला रस्ता विचारला आणि मी त्यांना पूर्ण सांगितला, एकदाही इंग्रजीत न जाता. आबा, खूप बरं वाटलं. बचतीचा मात्र खोडवा आहे, गेल्या वर्षी तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटावा तसा फुटलाय. त्याला फक्त वेळेवर पाणी द्यायचं.

आता धाकट्याबद्दल. पोलीस भरतीसाठी त्यानं भिंतीवर लावलेला तक्ता वीस दिवसांत बंद पडला म्हणून आई त्याला बोलली, असं त्यानं सांगितलं. आई, त्याला बोलू नकोस. आणि माझं हे वेळापत्रकही त्याला देऊ नका, त्याचं नेमकं उलटं आहे. आपल्याकडं कार्तिक ते माघ हा पळायला सोन्यासारखा काळ, हवा कोरडी आणि पहाट गार. त्याच्या १६०० मीटर धावण्याची खरी तयारी त्या दिवसांत व्हायला हवी. आता फाल्गुन येतोय, उन्हं तापायच्या आत पहाटे जेवढं होईल तेवढं करू दे. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की लेखी परीक्षेचा अभ्यास. वर्षाचे असे दोन भाग केले की त्याला स्वतःवर चिडायला कमी कारणं मिळतील. मी त्याला रविवारी फोन करते, पण तुम्हीही त्याला एकदा रानात न्या आणि मूठभर माती हातात द्या. मी सांगून त्याला ते कळणार नाही.

खोडव्यात उसाचं वाळलेलं पाचट ठेवलंत ना? शेजारी पेटवतात म्हणून आपण पेटवायचं नाही, एवढं माझं ऐका.

तिकीट ४ नोव्हेंबरचं काढलंय. आई, ९ तारखेला संध्याकाळी मी तुझ्याबरोबर देवळात असेन. टीव्हीवर नको.

तुमची,
ताई