बुधवारचा फोन

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, तू फोनवर सगळं घाईत सांगतेस, एकदा बसून नीट लिही. म्हणून बसले आहे. आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर देते. आई, सलग तीन बुधवारी मी फोन उचलला नाही, कारण त्या वेळी मी क्लबच्या सभेत होते. आजारी नव्हते आणि तुझ्यावर रागावलेही नव्हते. तुमच्याकडे दिवेलागण होते तेव्हा इथे सकाळचे सात वाजतात, आणि सातच्या ठोक्याला सभेची घंटा होते. फोन पालथा ठेवला होता खरा, पण तो नियम सगळ्यांनाच आहे. खोकला पूर्ण गेला. पाठीचंही बरं आहे. तेव्हा पुन्हा कधी बुधवारी उचलला नाही तर मावशीला फोन लावून घाबरवू नकोस.

क्लब म्हणजे रोटरी, समाजसेवेची संस्था. तुम्हाला नावाने माहीत आहे. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर नाहीतर चौकातल्या बाकावर त्यांचं दातेरी चाक रंगवलेलं असतं ना, तेच. बाबांना वाटतंय की ही मोठ्या लोकांची मिरवायची जागा असणार. मलाही तसंच वाटलं होतं. ऑफिसातल्या एका वयस्क बाईंनी मला पाहुणी म्हणून नेलं, चार-पाच सभांनंतर त्यांनीच माझं नाव सुचवलं. असं कुणीतरी नाव सुचवल्यावरच सभासद होता येतं. आमच्यात एक दंतवैद्य आहे, छपाईवाला आहे, निवृत्त शाळामास्तर आहेत, अंत्यविधीची व्यवस्था करणारे एक गृहस्थ आहेत. गुप्त काही नाही. पाहुण्यांना दार उघडं असतं, आणि धर्माचा किंवा पक्षाचा प्रचार तिथे करता येत नाही.

बाबा, याची सुरुवात तुम्हाला आवडेल. पॉल हॅरिस नावाचा मुलगा अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातल्या एका लहान गावात आजी-आजोबांकडे वाढला. पुढे शिकागोत वकिली करू लागला. ओळखी पुष्कळ झाल्या, पण गावासारखी सहज ऊठबस कुणाशी होईना. २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी तो, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघे युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ नंबरच्या खोलीत जमले. ती त्या अभियंत्याची कचेरी. मग आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठक फिरू लागली, म्हणून नाव रोटरी, म्हणजे फिरती. १९१९ मध्ये कोलकात्यातही क्लब निघाला होता. मी हे सगळं वाचलं तेव्हा माझ्या मनात एवढंच राहिलं, की एवढ्या मोठ्या संस्थेची सुरुवात घरची आठवण येणाऱ्या एका माणसापासून झाली.

सभेचं वर्णन फार करत नाही. घंटा, स्वागत, मागच्या कामांचा हिशेब, मग एखाद्या वक्त्याचं वीस मिनिटांचं भाषण, साडेआठच्या आत सगळे कामाला. पण दाराशी एक फळी आहे, तिच्याबद्दल आईला सांगायचंय. त्या फळीवर प्रत्येक सभासदाच्या नावाचा बिल्ला टांगलेला असतो. आलो की आपला बिल्ला काढून छातीवर लावायचा, जाताना परत टांगायचा. सभा सुरू झाली की फळीवर जे बिल्ले उरतात, ते न आलेल्यांचे. कुणीतरी ती नावं लिहून घेतं आणि दुपारपर्यंत त्यांना फोन जातो. जानेवारीत मी तापाने पडले होते, तेव्हा माझा बिल्ला दोन बुधवार तसाच राहिला. दुसऱ्या बुधवारी ते शाळामास्तर आणि त्यांची बायको माझ्या दाराशी उभे होते, औषधं घेऊन. आई, हा ताप मी तुला सांगितला नव्हता. आता सांगते आहे कारण तो गेलाय, आणि तू नेहमी विचारतेस ना, तिथे तुझं काही झालं तर कळणार कुणाला? तर त्या फळीमुळे कळतं.

आता इथली एक रीत. ती समजायला मला तीन महिने लागले, त्यामुळे लांबवून सांगते. वक्त्याच्या आधी एक सभासद डबा घेऊन टेबलांमधून फिरतो. त्याच्या पदाचं नाव सार्जंट. ज्याला काही चांगली बातमी सांगायची असेल त्याने हात वर करायचा, डब्यात एक डॉलर टाकायचा आणि उभं राहून बातमी सांगायची. याला ते ‘हॅपी डॉलर’ म्हणतात. म्हणजे बातमी सांगणाराच पैसे देतो! नात जन्मली, टाका. मुलाला नोकरी लागली, टाका. मला आधी वाटलं, यांना एकमेकांची चौकशी करायला वेळ नसेल म्हणून ही सोय केली असेल. तसं नाहीये. पैसे टाकले की बोलणाऱ्याला संकोच राहत नाही, कारण तो बढाई मारत नसतो, देणगी देत असतो. आणि ऐकणाऱ्यांनाही ऐकावंच लागतं. मितभाषी माणसं, एरवी शेजाऱ्याला हवापाण्यापलीकडे काही सांगणार नाहीत, ती इथे उभी राहून घरचं बोलतात. दुःखाचाही डॉलर असतो. एका आजोबांनी नोट टाकली आणि म्हणाले, बायको जाऊन आज वर्ष झालं, या वर्षात मी एकही बुधवार चुकवला नाही. एवढं बोलून ते खाली बसले. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

शिवाय दंड आहेत. उशीर झाला, दंड. फोन वाजला, दंड. वर्तमानपत्रात आपलं नाव आलं आणि ते सभेला सांगितलं नाही, तर त्याचाही दंड. कुणी वाद घालत नाही, हसत हसत डब्यात टाकतात. आई, तुला हे ऐकून वाटेल की पैसे काढायची युक्ती आहे. पण तो डबा सभेत सगळ्यांदेखत मोजतात. यंदाचे पैसे लाकूड आणि खिळ्यांसाठी ठेवलेत. ते का, ते पुढे लिहिते.

सुरुवातीचे दोन महिने मी गप्प होते. मग बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्म्याशिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचली. त्या बुधवारी माझा हात आपोआप वर गेला. मी डॉलर टाकला आणि हे सांगितलं. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, बाबा, तुमच्यासाठी. डोळ्यात थेंब घालायला तेव्हा धाकटा होता, आत्या घड्याळ बघून आठवण करायला होती. मी इथे टाळ्या ऐकत होते.

आत्याचं एक सांगायचंय. तिची परवानगी न घेता मी तिच्याबद्दल सभेत बोलले. २४ ऑक्टोबरला जागतिक पोलिओ दिन असतो, त्या आठवड्यात मला बोलायला सांगितलं होतं. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपीन्समधल्या मुलांना डोस द्यायला सुरुवात केली, १९८५ मध्ये जगभराचं काम हाती घेतलं. १९८८ साली जगात वर्षाला साडेतीन लाख मुलं पोलिओने लुळी होत होती. आता तो रोग पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे. हे सगळं मी तयार करून नेलं होतं. उभी राहिले आणि आकडे बाजूलाच राहिले. मी आत्याचं सांगितलं. तिच्या लहानपणी डोस तिच्यापर्यंत आलाच नव्हता, लुळ्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा ती सकाळी कुणाला लावू द्यायची नाही, आणि माझी पहिली बाराखडी तिने त्या पायावर पाटी ठेवून गिरवून घेतली. मग तुझं सांगितलं, आई. धाकट्याला कडेवर घेऊन तू रविवारी बूथच्या रांगेत उभी राहायचीस, आणि घरी आल्यावर तो डाव्या करंगळीवरची शाई सगळ्यांना दाखवत फिरायचा. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला. सभेतल्या कित्येकांनी पंचवीस-तीस वर्षं या कामासाठी पैसे दिले होते, पण रांगेतल्या बाईबद्दल कधी ऐकलं नव्हतं. मला तेव्हा फार भरून आलं. इतक्या लांबची ही अनोळखी माणसं आपल्या घराशी अशी जोडलेली होती, आणि हे मला इथे येऊन कळलं.

आता तुमच्या बाकीच्या काळज्या. बायका असतात का, असं आजीने विचारलंय. असतात, निम्म्याहून थोड्या कमी. पूर्वी अजिबात घेत नसत. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने १९७७ मध्ये तीन बायकांना घेतलं तर त्या क्लबची मान्यताच काढून घेतली. ते कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, तेव्हा दार उघडलं. वर्गणी मी माझ्या खर्चातून देते, घरी पाठवायच्या पैशातून नाही. तुम्ही खातं बघा, एक महिनाही चुकलेला नाही. ऑफिसच्या वेळेचाही प्रश्न नाही, मी त्या दिवशी पाचला उठते. आणि आई, परक्या लोकांसाठी तुला वेळ आहे असं तू म्हणालीस, ते मला लागलं. तू चिडून म्हणाली नाहीस हे माहीत आहे. म्हणूनच लागलं असेल. मी रविवारी तासभर बोलते ना तुमच्याशी? बुधवारी ही माणसं नसती तर रविवारपर्यंत मी मराठी सोडा, कुठल्याच भाषेत मनातलं काही बोलले नसते.

या क्लबात चार प्रश्न विचारायची पद्धत आहे. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाने बुडत्या कंपनीला सावरताना ते लिहिले. हे खरं आहे का? सर्वांना न्याय्य आहे का? यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का? सर्वांच्या हिताचं होईल का? दर बुधवारी सगळे मिळून म्हणतात. पहिल्या प्रश्नाला मला दर वेळी तुम्ही आठवता. कारण फोनवर मी ‘सगळं मजेत’ म्हणते आणि पुढचं बोलत नाही.

तर खरं सांगते. कंपनीने माझा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला आहे आणि मी हो म्हटलं आहे. ही बातमी मी गेल्या बुधवारी डब्यात डॉलर टाकून सभेत सांगितली. तुमच्या आधी. तिथे टाळ्या वाजल्या आणि मला खाली बसल्यावर कसंतरीच झालं. तुम्ही वर्षअखेर धरून बसला आहात, आईने माझी खोली रंगवायला काढली आहे, म्हणून तोंडातून निघत नव्हतं. पगार वाढला आहे, पण त्यासाठी राहिले असं नाही. काम मनासारखं आहे.

धाकट्याच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. लग्नाला पंधरा दिवस येते, तिकीट काढलं आहे. ‘आधी ताईचं’ म्हणून त्याने थांबू नये, मुलीकडच्यांना तसं स्पष्ट सांगा. मावशीने आणलेल्या स्थळाला माझा नकार कळवा, आणि दोन वर्षांचंही सांगा, त्यांना ताटकळत ठेवू नका. फोटो मी पाहिला, मुलगा चांगला आहे. बाहेरगावी गेलं की तिथल्या क्लबच्या सभेला जाऊन इथली गैरहजेरी भरून काढता येते, पण मी लग्नघरातून कुठेही हलणार नाही.

पैसे दोन भागांत पाठवले आहेत. मोठा भाग लग्नाचा. बाबा, तो परत पाठवू नका, मागच्या वेळी पाठवलात तेव्हा मला आठवडाभर वाईट वाटत होतं. लहान भाग आत्यासाठी आहे. आमचा क्लब शनिवारी व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या घरांना लाकडी उतार करून देतो, ते खिळे आणि लाकूड त्यासाठीच. मी अभियंता, म्हणून मापं माझ्याकडे. एक इंच चढायला बारा इंच लांबी, असा हिशेब असतो, म्हणजे बसणाऱ्यालाही स्वतः चाक फिरवून वर जाता येतं. आजवर अकरा घरांचे उतार झाले. अकराव्या घरी त्या बाई पहिल्यांदा एकट्या बाहेर आल्या, अंगणात थांबल्या, आणि मला आपल्या दाराच्या पायऱ्या दिसल्या. आत्या खुर्चीवर आल्याला वर्ष होत आलं, आणि तिला अजून दोघं मिळून उचलतात.

लग्नाच्या मांडवाआधी हे काम झालं पाहिजे. लाकूड नको, पावसात टिकणार नाही, सिमेंटचाच करा. पायऱ्या मिळून अठरा इंच असतील तर अठरा फूट उतार लागेल, तो अंगणात सरळ बसणार नाही, वळवावा लागेल. वळणापाशी पाच फुटांची सपाट जागा सोडायची. नकाशा मी काढते. आत्याला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, सभेत तिच्याबद्दल बोलले तो भागही. रागावली तर मला सांगा.

आणि धाकट्याला टेप घेऊन मोजायला सांगा. तीन पायऱ्या आहेत हे आठवतं, उंची आठवत नाही.

तुमची,
थोरली