चार्टर्ड इंजिनिअर व्हायचं म्हणजे नेमकं काय सिद्ध करायचं?

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांचा प्रश्न अर्धाच राहिला. पदवी आहे, नोकरी आहे, मग 'चार्टर्ड' होण्याचं हे खूळ कशाला? आईचा प्रश्न त्याहून सरळ होता: परीक्षा आहे ना, मग पुस्तक कुठलं? पुस्तक नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

ब्रिटनमध्ये इंजिनिअर म्हणवून घ्यायला कोणाला मनाई नाही. घरचा बॉयलर दुरुस्त करायला येतो तोही इंजिनिअरच. 'चार्टर्ड इंजिनिअर' हे बिरुद मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही. ही नोंदवही १९८१ साली राजसनदेने स्थापन झालेल्या इंजिनिअरिंग कौन्सिलकडे असते. पात्रतेचे निकष 'यूके-स्पेक' नावाच्या दस्तऐवजात आहेत, त्याची चौथी आवृत्ती २०२० मध्ये आली. आम्हा स्थापत्यवाल्यांपैकी बहुतेकांची तपासणी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स करते, ती संस्था १८१८ पासूनची. आपल्याकडे सीएंसाठी १९४९ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा, आर्किटेक्टसाठी १९७२ चा. इंजिनिअरसाठी असा देशभराचा कायदा नाही. महापालिकेचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना सोडला, तर पदवी हीच आपली नोंदणी.

बिरुद नुसतं मिरवायला नसतं. धरणांचंच बघा. वेल्समधल्या डॉल्गारॉग गावावर १९२५ मध्ये धरण फुटून पाणी आलं, १६ माणसं गेली, आणि १९३० मध्ये जलाशय सुरक्षेचा कायदा झाला. आता १९७५ चा कायदा चालतो. इंग्लंडमध्ये जमिनीच्या पातळीच्या वर २५,००० घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी धरणारा आणि फुटल्यास जीवितहानी होऊ शकेल असा ठरवलेला जलाशय किमान दर दहा वर्षांनी सरकारमान्य यादीतल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावाच लागतो. त्या यादीपर्यंतची वाट अशाच नोंदणीतून जाते. पानशेत १९६१ चं. ते तुम्हाला मी सांगायला नको.

पहिला अडसर पदवीचा. देशोदेशींच्या इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणारा वॉशिंग्टन करार १९८९ चा, भारत त्यात पूर्ण सदस्य झाला २०१४ मध्ये. त्यानंतरची आणि एनबीएने (आपल्याकडच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाने) त्या दर्जाची मान्यता दिलेली पदवी असेल तर काम सोपं होतं. नाहीतर गुणपत्रिका आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम दाखवून वैयक्तिक तपासणी करून घ्यावी लागते. वर मास्टर्सच्या पातळीचं ज्ञानही दाखवावं लागतं, ते अभ्यासक्रमातून किंवा कामातून.

खरा डोंगर त्यापुढे. सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेचे सात निकष आहेत: अभियांत्रिकीची समज आणि तिचा वापर, व्यवस्थापन आणि नेतृत्व, व्यवहाराची जाण, आरोग्य-सुरक्षा, शाश्वत विकास, संवाद, आणि व्यवसायनिष्ठा. सातही पुरे पडावे लागतात. गणितात पैकीच्या पैकी आणि व्यवहारात भोपळा, असं चालत नाही. त्यासाठी जास्तीत जास्त ५,००० शब्दांचा अहवाल लिहायचा, मग दोन अनुभवी परीक्षकांसमोर पंधरा मिनिटांचं सादरीकरण आणि त्यानंतर प्रश्नोत्तरं. आई, हे तुझ्या बँकेच्या ऑडिटसारखं समज. काम झालं असं तोंडी सांगून भागत नाही, व्हाउचर दाखवावं लागतं.

लोक घसरतात ते अहवालात, आणि त्यातही सरकारी भाषेत वाढलेले आपण लोक हमखास. समजा, कोल्हापूर पद्धतीच्या (गाळ्यांत बरगे, म्हणजे काढता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवणाऱ्या) एका बंधाऱ्याचा डावा काठ पुरात फुटला. आपण काय लिहू? "सदर बंधाऱ्याच्या डाव्या तीराची दुरुस्ती करण्यात आली. गॅबियन बसवण्यात आले." (गॅबियन म्हणजे दगड भरलेली तारेची जाळी.) परीक्षकाच्या दृष्टीने ही दोन वाक्यं कोरी आहेत. दुरुस्ती कोणी ठरवली? काठ का फुटला? गॅबियनच का?

तोच मजकूर असा हवा: "काठ फुटण्याची दोन कारणं मी तपासली. एक, पूर संकल्पित विसर्गापेक्षा, म्हणजे आराखड्यात धरलेल्या प्रवाहापेक्षा, मोठा होता. दोन, बरगे वेळेत न निघाल्याने आणि गाळ्यांत झाडोरा अडकल्याने पाणी वर चढून बाजूने वळलं. पूररेषेच्या खुणांवरून काढलेला विसर्ग संकल्पितापेक्षा कमी आला, म्हणून मी दुसरं कारण धरलं. नुसते गॅबियन मी नाकारले, कारण पायथ्याची माती धुपली की ते खचतात. काठाची भिंत आणखी आत नेण्याची आणि बरगे काढण्याची पद्धत बदलण्याची शिफारस केली. पायाखालच्या मुरुमाबद्दल खात्री नव्हती, तिथे भूतंत्र तज्ज्ञाचं मत घेतलं." यातलं शेवटचं वाक्य बरेचजण कमीपणा वाटून गाळतात. खरं तर आपली मर्यादा ओळखून योग्य माणसाकडे जाणं हाही नोंदणीचाच निकष आहे.

आकडेमोडीचंही तसंच. शंभर चौरस किलोमीटर पाणलोटाला पुराचा कमाल विसर्ग काढायचं इंग्लिसचं सूत्र लावलं की सुमारे १,१८० घनमीटर प्रति सेकंद येतात. हे कोणीही कॅल्क्युलेटरवर काढेल. परीक्षक विचारणार: हे सूत्र सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांवर बसवलेलं आहे, मग माणदेशातल्या लांबट, कोरड्या ओढ्याला लावाल का? नाही, तर काय लावाल, आणि दोन उत्तरांत तफावत पडली तर कुठलं धराल? त्यांना आकड्यापेक्षा हा निवाडा ऐकायचा असतो.

बाबा, म्हणूनच मला वाटतं की तुमच्या बंधाऱ्यांच्या कामांत या अहवालाला पुरेल एवढा ऐवज पडून आहे. टिपणीत तो "मान्यतेस्तव सादर" होऊन फायलीत गेला, एवढंच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे काम मोठं आणि वाटा छोटा. अब्जावधी पौंडांच्या प्रकल्पात सळई तपासली यापेक्षा एका मोरीची जबाबदारी पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतली, हे जास्त वजनदार ठरतं. प्रकल्पाचं वर्णन अर्ध्या पानात आटपावं. किती टन पोलाद लागलं हे परीक्षकांना नको असतं.

व्यवहाराचा निकष तुम्हाला सहज कळेल. तुमच्याकडे बी-वन टेंडर, एमबी (मोजमाप वही) आणि एक्स्ट्रा आयटमची यादी, तर इकडे एनईसी नावाचा बांधकामाचा प्रमाणित करार. त्यात कंत्राटदाराने भरपाईची घटना (जिच्यामुळे जादा पैसे किंवा वेळ मागता येतो ती) कळल्यापासून आठ आठवड्यांत कळवायची असते. ते न केल्यास बहुतेक बाबतींत हक्क जातो. "करार वाचला" हा पुरावा नव्हे. एखादा दावा तपासून त्यातला किती मान्य केला, किती नाही आणि कुठल्या कलमाखाली, हे दाखवावं लागतं.

सुरक्षेत "सगळ्यांना हेल्मेट दिली" हे सगळ्यात दुबळं उत्तर. २०१५ च्या सीडीएम नियमांत (बांधकामाच्या सुरक्षेचे इथले नियम) धोका आराखडा करतानाच काढून टाकणं हे डिझायनरचं पहिलं कर्तव्य आहे. तो निघत नसेल तर कमी करायचा, आणि उरेल त्याची माहिती पुढच्याला द्यायची. चढत्या पाण्यात बंधाऱ्यावर उभं राहून हाताने बरगे ओढणारी माणसं आठवा. त्यांना दोर आणि जाकीट देणं ही शेवटची पायरी. माणूस तिथे जाणारच नाही अशी झडप बसवणं ही पहिली. शाश्वततेतही झाडं लावल्याचं सांगून भागत नाही. एक घनमीटर काँक्रीटमागे, सिमेंट किती त्यानुसार, साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुनी दगडी भिंत पाडण्याऐवजी ठेवली तर किती वाचला, तो हिशेब दाखवायचा.

पैसे घेऊन अहवाल लिहून देणारेही भेटतात. पण अहवाल विकत मिळाला तरी प्रश्नांना उत्तर स्वतःलाच द्यायचं असतं. दोन प्रश्नांत पितळ उघडं पडतं. नोंदणी झाली म्हणून सुटकाही नाही. शिकत राहिल्याची नोंद ठेवावी लागते. २०१९ पासून तिची नमुना तपासणी होते आणि वारंवार टाळाटाळ केली तर नाव वगळलं जाऊ शकतं.

आता तुमच्याकडून दोन कामं हवी आहेत. आठही सत्रांच्या गुणपत्रिका आणि त्या वर्षांचा छापील अभ्यासक्रम कपाटातल्या निळ्या फायलीत असेल. प्रत्येक पान सपाट ठेवून स्कॅन करा. मोबाइलच्या फोटोत कडा कापल्या जातात आणि शिक्के पुसट दिसतात. विद्यापीठाचा ट्रान्स्क्रिप्ट वेगळा काढावा लागेल, त्याचा अर्ज मी इथून करते.

दुसरं काम बाबांचं. रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही परीक्षक व्हा. मी पंधरा मिनिटं बोलेन, आई घड्याळ लावेल. नंतर प्रत्येक वाक्याला एवढंच विचारा: हे तू ठरवलंस की वरिष्ठांनी? दुसरा पर्याय काय होता? चुकलं असतं तर तुला केव्हा कळलं असतं? आणि आई, "आम्ही केलं" असं माझ्या तोंडून आलं की तिथेच थांबव. मी अडखळले की बाबा स्वतःच उत्तर द्यायला लागतील, त्यांनाही थांबव.

तुमची लेक