पावसाळी प्रदर्शनासाठी प्रिंट आणून द्या

सर्व सभासदांस नमस्कार,

१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली त्याच दिवशी पॅरिसात डागेरोटाइप ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत जगासाठी खुली झाली. आपलं प्रदर्शनही त्याच दिवशी उघडेल. विषय ‘बंदीतलं बंदर’: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असतानाचा किनारा, झापांनी (माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारलेल्या होड्या, पडवीत चाललेली जाळ्यांची डागडुजी. सूर्यास्त कृपया नकोत, गेल्या वर्षीचेच अजून कपाटात आहेत.

प्रिंट १२ × १८ इंच, मॅट कागदावर, सनबोर्डला (फोमच्या हलक्या बोर्डाला) चिकटवलेले हवेत. काचेची फ्रेम आणू नये. या दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना रंगच निघून येतो. मागे नाव, गाव, महिना लिहा. ५ ऑगस्टनंतर प्रिंट घेतले जाणार नाहीत.

भाद्रपदात घरोघरी गणपती, तेव्हा कार्यक्रम नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकांच्या रात्री टिपायला जाऊ. रंगपटात (नट रंगतात त्या जागेत) शिरण्याआधी नाटक कंपनीच्या मालकांना विचारायचं, फ्लॅश बंद ठेवायचा. येणाऱ्यांनी प्रिंट देतानाच नाव नोंदवावं, म्हणजे गाडी ठरवता येईल.

– कार्यकारिणी