सौरबंबांच्या कारागिरांसाठी शिकाऊ उमेदवारी हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्यासारख्या शहरात मोठ्या इमारतींना परवानगी देताना गच्चीवर सौरबंब किंवा सौर पॅनेल बसवण्याची अट असते आणि सौरबंब चालू असल्यास महापालिका मिळकत करात सवलतही देते. संच बसतात, पण काही पावसाळ्यांनंतर त्यांची काय अवस्था होते, हे जुन्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर चढून पाहावे. फुटलेल्या काचनळ्या, बोअरच्या पाण्यातील क्षारांनी बुजलेले पाइप आणि खाली घरोघरी दोन-तीन किलोवॅटचे गिझर असे दृश्य वारंवार दिसते. उपकरण वाईट होते म्हणून असे घडते, असे मला वाटत नाही. ते नीट बसवणारा आणि राखणारा कारागीर आपण घडवलाच नाही, असे आयटीआयमधील माजी शिल्प निदेशक, म्हणजे कारागिरी शिकवणारा शिक्षक, या नात्याने माझे स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण देतो. साध्या, बिनदाबाच्या सौरबंबात गरम पाण्याच्या टाकीला व्हेंट पाइप असतो आणि त्याचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा वर ठेवावे लागते. वाफ त्यातून बाहेर पडते आणि टाकी रिकामी होताना हवा आत येते. एका सोसायटीत हा पाइप आखूड ठेवला गेल्याने त्यातून सतत पाणी वाहत होते. ते थांबवण्यासाठी कोणीतरी पाइपच्या तोंडाला टोपी बसवली आणि पुढच्या कडक उन्हात टाकीचा जोड उसवला. ज्याने टोपी बसवली, तो कामचुकार नव्हता. त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते.

आता वसतिगृहे आणि हॉटेलांबरोबरच काही सोसायट्याही पाणी तापवण्यासाठी हीट पंपाकडे वळत आहेत. हवेतील उष्णता ओढून घेणारे हे यंत्र अनुकूल हवामानात एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देते. मात्र त्यात प्लंबिंग, वीजजोडणी आणि शीतद्रव्य (यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ) हाताळणे ही तिन्ही कामे एकत्र येतात. आयटीआयमध्ये प्लंबर, विजतंत्री आणि रेफ्रिजरेशन-एसी तंत्रज्ञ हे तीन वेगळे व्यवसाय आहेत, त्यामुळे बिघाड झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. केंद्र सरकारने 2015 साली सुरू केलेला ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम उपयुक्त असला, तरी त्याचा भर वीज निर्माण करणाऱ्या पॅनेलवर आहे. पाणी तापवण्याची बाजू त्यात मागे पडते.

इंग्लंडमध्ये घरे उबदार ठेवण्यासाठी गॅस बॉयलरऐवजी हीट पंप बसवणाऱ्यांना सरकार 7,500 पौंडांपर्यंत अनुदान देते. त्याच्या जोडीला तेथे कमी कार्बनच्या ताप-यंत्रणांच्या तंत्रज्ञासाठी साधारण तीन वर्षांची स्वतंत्र शिकाऊ उमेदवारीही आहे. उमेदवार पगारावर प्रत्यक्ष काम करतो आणि कामाच्या वेळेतच त्याचे शिक्षणही होते. आपल्याला घर नव्हे, आंघोळीचे पाणी तापवायचे आहे, त्यामुळे अभ्यासक्रम वेगळा आणि कदाचित लहान असेल. पण उपकरणाबरोबर माणसासाठीही तरतूद करावी लागते, ही गोष्ट आपणही स्वीकारायला हवी.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 पासून आहे. 2016 च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल दरमहा 1,500 रुपये, वाटाही उचलते. अडचण अशी की उमेदवार घेण्याची सक्ती 30 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर आहे, आणि सौरबंबांचे काम बहुतांशी दोन-चार माणसांच्या लहान ठेकेदारांकडे असते. चारपेक्षा कमी माणसे असलेला ठेकेदार स्वतःच्या नावावर उमेदवार घेऊच शकत नाही. वास्तविक अनेक मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण देण्याची मुभा कायद्यात आहे. जिल्ह्यातील एखाद्या आयटीआयने पुढाकार घेऊन अशा ठेकेदारांचा गट बांधला आणि नोंदणी व हजेरीचे कागदी काम स्वतःकडे घेतले, तर प्लंबर झालेल्या मुलामुलींना त्यांच्याकडे वर्षभर प्रत्यक्ष काम शिकता येईल.

राज्याच्या कौशल्य विकास विभागाने एक-दोन जिल्ह्यांत हा प्रयोग येत्या प्रवेशसत्रापासून करावा, आणि त्याची अंतिम परीक्षा वर्गात न घेता एखाद्या सोसायटीच्या बंद पडलेल्या संचावर, तो चालू करून दाखवण्याच्या अटीवर घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, पुणे