टाके ताजे असताना गॅलरीत घार उतरली तर

संपादक महोदय,

हर्निया, पित्ताशय, गुडघा अशी लांबणीवर टाकलेली ऑपरेशने मुलांची सुट्टी बघून मे महिन्यात उरकून घ्यायची, हे मुंबईत अनेक घरांत ठरलेले असते. नेमकी याच दिवसांत कावळ्यांची पिल्ले घरट्याबाहेर पडतात आणि उन्हाने दमलेल्या घारी गॅलरीत, गच्चीत येऊन बसतात. भर दुपारी घरी असतो कोण? टाक्यांवर हात ठेवून खिडकीत बसलेला पेशंट. त्यालाच पक्षी आधी दिसतो आणि उठून धावतोही तोच. डिस्चार्ज कार्डावर अंघोळ, जिना, पथ्यपाणी सगळे असते. याबद्दल सहसा अवाक्षर नसते.

घार भरते जेमतेम पाऊण किलो. 'जड काही उचलू नका' हा डॉक्टरांचा नियम तिला लागू नाही असे वाटून लोक बिनधास्त वाकतात. पण त्रास वजनाचा नसतोच. धरताना ती फडफडते, आपण दचकून कमरेत वळतो, पोटाचे स्नायू एकदम आवळले जातात आणि सगळा ताण टाक्यांवर येतो. खुब्याचा सांधा बदललेल्याने जमिनीपर्यंत वाकले तर सांधा निखळू शकतो. मोतीबिंदू नुकताच काढला असेल तर पंखाचा एक फटका किंवा त्यातली धूळही नको. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. नखाच्या ओरखड्याचे रक्तही लवकर थांबत नाही. आणि वेदनाशामक गोळीच्या गुंगीत स्टुलावर चढून ग्रिलमधला पक्षी काढणाऱ्यांबद्दल काय लिहावे!

तेव्हा पकडायचे काम शेजाऱ्याला किंवा वॉचमनला द्यावे आणि पेशंटने खुर्चीतून सूचना द्याव्यात. त्या मात्र बरोबर हव्यात.

आधी मदत हवी आहे का, ते पाहावे. अंगभर पिसे, आखूड शेपूट, तोंड उघडले की आत लाल आणि उड्या मारत चालणारे कावळ्याचे पिल्लू संकटात नसते, उडायला शिकत असते. आईबाप वर काव काव करत असतात, माणसाच्या डोक्यावर झेपावतात. मांजराची किंवा गाड्यांची भीती असेल तरच त्याला जवळच्या भिंतीवर वा फांदीवर ठेवावे. उचलणाऱ्याने छत्री उघडून जावे, टोच्या चुकतात. माणसाचा हात लागलेले पिल्लू आईबाप टाकून देतात, हा समज खोटा आहे. तसेच दिवसा एसीवर बसलेले गव्हाणी घुबड. कावळ्यांनी सळो की पळो केले म्हणून ते आडोशाला आलेले असते. जखम दिसत नसेल तर पडदा ओढून घ्यावा. अंधार पडला की ते आपले आपण जाते.

घार मात्र चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून एकाच जागी बसली असेल आणि माणूस जवळ गेला तरी हलत नसेल, तर खोका आणावा. शेपूट न दुमडता ती मावेल एवढा पुठ्ठ्याचा खोका लागतो. पेन्सिलीएवढी भोके पक्षी आत ठेवण्याआधीच पाडावीत. तळाशी जुना सुती कपडा घालावा. टर्किश टॉवेलच्या धाग्यांत नखे अडकतात. चादर डोक्यासकट टाकली की अंधार होतो आणि ती शांत होते. मग दोन्ही पंख मिटलेले धरून, पाय आपल्यापासून लांब ठेवून उचलावी. छाती दाबू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलले तरच हवा आत जाते. प्रेमाने घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो.

सगळ्यात जास्त घोळ पाण्याने होतो. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, त्यामुळे चोचीत ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. सावरून उभी राहिली तर उथळ ताटलीत पाणी पुढ्यात ठेवावे, बस. दूध, पाव, भात काहीही नको. खोका सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर ठेवावा आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नये.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीचा मांजा मे महिन्यातही झाडांवर लटकत असतो. पंखात रुतलेला मांजा ओढू नये, ओढला की स्नायूबंध कापले जातात. दोन्ही बाजूंना थोडा सोडून कात्रीने कापावा, रुतलेला तुकडा डॉक्टर काढतील. उंच झाडावर किंवा तारेवर अडकलेल्या पक्ष्यासाठी अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. काठ्या घेऊन जाऊ नये. एरवी वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, आणि परळचे बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचा दवाखाना, तर १८८३ पासून आहे. पक्षी सापडला ती जागा खोक्यावरच लिहावी, कारण बरा झाला की त्याला त्याच भागात सोडायचे असते. घार, पोपट, घुबड बरे होईपर्यंत घरीच ठेवू म्हटले, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.

वटवाघूळ किंवा माकड असेल तर हातच लावू नये. चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी, आणि ऑपरेशन झाल्याचे तिथल्या डॉक्टरांना सांगावे. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसे बिघडतात म्हणून कबुतरखाना बंद करण्यावरून २०२५ मध्ये दादरला एवढा गदारोळ झाला, तरी गॅलरीतली वाळलेली विष्ठा लोक आजही कोरडीच झाडतात. ती आधी भिजवावी, तोंडाला मास्क लावावा. स्टेरॉइड किंवा केमो चालू असलेल्याने तिथे थांबूही नये.

सोसायट्यांना एवढीच विनंती: वॉचमनच्या केबिनमध्ये एक घडी केलेला खोका, जुनी चादर आणि कात्री ठेवावी, आणि १९२६ हा आकडा नोटीस बोर्डावर पाणी कपातीच्या सूचनेशेजारी लावावा.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)