बाळंतिणीच्या पाठीशी कोण?

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

नव्या आयांसाठी मदतगट सुरू करायचा तुझा विचार वाचला आणि इतका आनंद झाला की लगेच सविस्तर लिहायला बसले. तू विचारलं आहेस, सुरुवात माहितीपत्रकं वाटून करू का? माझं मत विचारशील तर नको. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पुढे वरच्या अन्नाच्या जोडीने दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बहुतेक आयांच्या कानावर गेलेला असतो. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या रात्रीचा विचार कर. स्तन ताठलेले, स्तनाग्रांना चिरा पडलेल्या, बाळ रडायचं थांबत नाही. अशा वेळी घरातलं कुणीतरी, अगदी मायेपोटीच, म्हणतं, "तुझं दूध पुरत नाहीये गं." मग वरचं दूध सुरू होतं. पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, आणि बाळ ओढेल तसं दूध तयार होत असल्यामुळे ते खरोखरच आटायला लागतं. आईला मात्र आयुष्यभर वाटत राहतं की आपलंच शरीर कमी पडलं. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. वेदना आणि ताण असला की पान्हा फुटायला वेळ लागतो. दूध मात्र आत असतं. त्या रात्री तिच्याजवळ बसून बाळाला नीट धरायला दाखवणारं, नुसतं स्तनाग्र नव्हे तर भोवतालचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जातोय ना हे पाहणारं कुणीतरी हवं असतं. आठवडाभराच्या बाळाने दिवसात सहा-सात वेळा लघवी केली आणि वजन वाढू लागलं, तर दूध पुरतंय, एवढं सांगणारं कुणी भेटलं तरी तिचा जीव भांड्यात पडतो.

ज्यांनी स्वतः पाजलंय अशा बायकांनी इतरांना आधार द्यायचा, ही कल्पना जुनीच आहे. 1956 साली अमेरिकेत सात जणींनी 'ला लेचे लीग' सुरू केली ती याच विचाराने. 1991 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बाळस्नेही रुग्णालयांचा उपक्रम हाती घेतला. स्तनपान नीट सुरू व्हावं म्हणून रुग्णालयांनी पाळायच्या त्याच्या दहा पायऱ्यांतली शेवटची होती आयांचे मदतगट उभे करण्याची आणि घरी जाणाऱ्या आईला त्यांच्याशी जोडून देण्याची. माझ्या मते ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण खऱ्या अडचणी घरी गेल्यावर सुरू होतात.

पण इथेच तुला एक कळकळीची विनंती आहे. असा गट दुपारी भरला, तर दुपारी मोकळ्या असलेल्या बायकाच येतील. म्हणजे ज्यांना रजा आहे, घरात मदतीला माणूस आहे आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायचा धीर आहे, त्यांनाच आणखी आधार मिळेल. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत रोजंदारीवर परतावं लागलेल्या आईने हे जमवायचं कसं? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या मातृत्व संरक्षण करारात किमान 14 आठवड्यांची रजा आहे, कामाच्या वेळेत पाजण्यासाठी पगारी सुट्टीही आहे. मात्र अनेक देशांनी तो स्वीकारलेलाच नाही, आणि घरकाम किंवा कंत्राटी काम करणाऱ्या बाईपर्यंत असे नियम क्वचितच पोचतात. तिच्या बाळाला अंगावरचं दूध मिळालं नाही, तर जुलाब आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. आणि डब्याचं दूध, स्वच्छ पाणी, औषधपाणी, सगळ्याचा भार तिच्याच तुटपुंज्या कमाईवर पडतो. म्हणून म्हणते, गट तिच्या वेळेला भरव. ती येऊ शकत नसेल तर तुम्ही तिच्याकडे जा. दूध हाताने पिळून कसं काढायचं आणि कसं साठवायचं, हे तिला पहिल्यांदा शिकवा. ती ज्या भाषेत रडते त्या भाषेत बोलणारी एक तरी जण गटात असू दे.

दोन गोष्टी आणखी. डब्याच्या दुधाच्या कंपन्यांचे मोफत नमुने किंवा देणगी घेऊ नकोस. डब्याच्या दुधाच्या विक्री-जाहिरातीबद्दलच्या 1981 च्या आंतरराष्ट्रीय संहितेने आयांना असे नमुने देणं निषिद्ध ठरवलंय, आणि ते योग्यच आहे. पण डब्याचं दूध पाजणाऱ्या आईला दारातून परत पाठवू नकोस. कुणाला थायरॉइडचा त्रास असतो, कुणाची शस्त्रक्रिया झालेली असते, कुणाला एखादं औषध चालू असतं, आणि कुणी सगळं करून थकलेली असते. तिलाही बसायला जागा आणि ऐकणारा कान हवाच. बाळ सुस्त असेल, वजन घटत असेल किंवा आईला ताप येऊन स्तन लाल झाला असेल, तर मात्र गटात चर्चा करत न बसता सरळ डॉक्टरांकडे पाठव.

आणि बाप लोकांनाही बोलाव. पाजणं सोडून बाकी सगळं त्यांना करता येतं: बाळाला ढेकर काढणं, लंगोट बदलणं, घरकाम, आणि "दूध पुरत नाही" म्हणणाऱ्या नातेवाइकांना शांतपणे समजावणं.

पहिल्या बैठकीची वेळ ठरवण्याआधी कामावर जाणाऱ्या चार आयांना विचार, आणि त्या काय म्हणतात ते मला सविस्तर कळव. मी यायला तयार आहे, रात्रीची वेळ ठरली तरी चालेल.

तुझीच,
जुनी मैत्रीण