सूचना : हयातीचे दाखले आणि थंडीची तयारी

सर्व वृद्धाश्रम चालक सभासदांना,

पेन्शनधारक आजी-आजोबांचे हयातीचे दाखले नोव्हेंबरअखेर जायला हवेत. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांपैकी ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतात. त्यांचे आधी उरका. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला नोव्हेंबरचे बंधन नाही, मागच्या दाखल्यापासून १२ महिने मोजा.

झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र बऱ्याचदा घेत नाही. तासभर बोटे पुसत बसण्यापेक्षा मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढा. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप लागतात. चष्मा काढा, पाठीमागे खिडकी नको, पापण्यांची उघडझाप करायला सांगा. दाखला काढल्यावर मिळणारा प्रमाण क्रमांक आला म्हणजे काम झाले असे समजू नका. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी दाखला नंतर नाकारला जातो. आठवड्याने स्थिती तपासाच.

फ्लूची लस राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून आताच द्या, परिणाम यायला सुमारे २ आठवडे लागतात.

गरम पाण्याच्या पिशवीकडे विशेष लक्ष द्या. मधुमेहाने किंवा पक्षाघाताने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. सकाळी पांघरूण काढल्यावर थेट फोड दिसतो. उकळते पाणी भरू नका. पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरूण गरम करा आणि माणूस आडवा होण्याआधी ती काढून घ्या. पायांना लोकरी मोजे पुरतात.